मदतीचे वाङ्मय आणि घेणाऱ्याची नजर

आंतरराष्ट्रीय मदत आणि विकास या विषयावर लिहिणाऱ्यांची संख्या लहान नाही. बँकांचे अहवाल आहेत, सेवाभावी संस्थांच्या पुस्तिका आहेत, अर्थशास्त्रज्ञांचे ग्रंथ आहेत, वृत्तपत्रांतले लेख आहेत. पिंपरी-चिंचवड परिसरातल्या महाविद्यालयात शिकवताना माझ्यापुढे दरवर्षी एकच अडचण उभी राहते. सकाळी वर्गात बसून दुपारच्या पाळीला चाकणला कंत्राटी कामावर जाणारा विद्यार्थी विचारतो, ‘सर, यातले वाचायचे काय?’ त्याच्या घरात पुस्तक पहिल्यांदा त्याच्याच हाताने आलेले असते. माझ्याही घरात तसेच घडले. अशा वाचकाला निरर्थक वाचनात वेळ घालवणे परवडत नाही. म्हणून या वाङ्मयाची पारख कोणत्या कसोटीवर करायची, हा प्रश्न ग्रंथालयापुरता राहत नाही. तो सामाजिक प्रश्न होतो.

मदतीचे बहुतेक वाङ्मय हे देणाऱ्याचे वाङ्मय आहे. त्यात वाक्याचा कर्ता देणारा असतो. त्याने इतके दिले, इतक्या गावांना दिले, इतक्यांचे कल्याण केले. घेणारा येतो तो आकड्यात किंवा मुखपृष्ठावरच्या छायाचित्रात. ‘लाभार्थी’ हा शब्दच पाहा. लाभाची इच्छा धरून उभा असलेला तो लाभार्थी. त्याचा काही हक्क होता, त्याच्याकडून आधी काही घेतले गेले होते, याची कसलीही खूण या शब्दात नाही. आपल्या भाषेने हा शब्द किती सहज स्वीकारला!

वास्तविक या देशातील दलितांना ‘मदत’ म्हणजे काय हे परदेशी ग्रंथांतून शिकण्याची गरज नव्हती. गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, सरकारी अंमलदाराची सरबराई करायची, मेलेले जनावर ओढायचे आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागायची. काम होते, पण त्याच्या मोबदल्याला मजुरीचे नाव नव्हते. मजुरीला दानाचे रूप देण्याची ही व्यवस्था शतकानुशतके चालली. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा या व्यवस्थेच्या हिशेबवहीचेच नाव त्यांनी मुखपृष्ठावर लिहिले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागेही हीच जाणीव होती: जे दान म्हणून फेकले जाते ते वेतन म्हणून मोजून द्या. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

या अनुभवातून चार प्रश्न हाती लागतात. हे खरोखर देणे आहे, की कुणाचे तरी येणे आहे? अट कोणाची आहे? हिशेब कोण मागू शकतो? आणि देणारा निघून गेल्यावर मागे काय उरते? मदतीवरचे जे लेखन या चारांपैकी एकाही प्रश्नाला भिडत नाही, ते कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी आपल्या कामाचे नाही.

ही कसोटी आपल्या दाराशीच लावून पाहू. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना हे आंतरराष्ट्रीय मदतीचे या पट्ट्यातले पहिले मोठे उदाहरण. १९५४ साली ही कंपनी स्थापन झाली, १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. युनिसेफने यंत्रसामग्री पुरवली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ आणि प्रशिक्षण दिले, उरलेला भार भारत सरकारने उचलला. पेनिसिलिनच्या कुप्यांचे खोके पाठवणे देणाऱ्यांना सोपे होते. पण इथे औषधाऐवजी औषध करण्याची विद्या आली. आणि ती विद्या नुसती वापरली गेली नाही, वाढली. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘हॅमायसिन’ हे बुरशीवरचे नवे प्रतिजैविक शोधले गेले. कारखाना सार्वजनिक क्षेत्रात असल्यामुळे पुढे राखीव जागांचे तत्त्व तिथे लागू झाले. चौथ्या प्रश्नाला, ‘मागे काय उरले’ या प्रश्नाला, इतके सकारात्मक उत्तर देणारे उदाहरण क्वचित सापडते.

परंतु या कारखान्यावरचे लेखन कसे आहे? एकीकडे नवभारताच्या उभारणीची गौरवगाथा. दुसरीकडे, १९९७ मध्ये कंपनी आजारी ठरली आणि २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला, त्यानंतरचे जमिनीच्या भावाचे लेखन. या दोहोंच्या मध्ये जे घडले ते कोणी लिहिले? त्या कारखान्यातल्या नोकरीने किती वस्त्यांतली पहिली पिढी शाळेत गेली? मदतीने उभी राहिलेली सार्वजनिक मालमत्ता विकताना त्या पिढीच्या नातवंडांचा वाटा कोणता? गौरवगाथा लिहिणाऱ्याला हे प्रश्न पडले नाहीत, आणि जमिनीचा भाव लिहिणाऱ्याला ते अडचणीचे वाटले.

दुसरे उदाहरण अन्नाचे. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. मिलोची लाल ज्वारी, रेशनच्या रांगा आणि दुष्काळी कामावरची सुकडी यांच्या आठवणी महाराष्ट्रातल्या गरिबांच्या घरोघरी आहेत. या धान्याची किंमत भारत रुपयांत चुकवत होता. तो पैसा अमेरिकेच्या नावाने इथेच साठत गेला, आणि १९७४ साली त्यातले १,६६४ कोटी रुपये अमेरिकेने धनादेशाने भारताला परत दिले. याच रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकन ग्रंथालयांसाठी खरेदी होत होती. त्यांत मराठी पुस्तकेही होती. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या धान्याच्या पैशातून मराठी वाङ्मय समुद्रापार गेले आणि तिथे त्यावर प्रबंध झाले. रांगेतल्या माणसाला मात्र त्याच्या गावात वाचनालय नव्हते. ही गोष्ट मराठी समीक्षेला आजवर महत्त्वाची वाटली नाही.

इथे आपल्या बाजूच्या लेखनालाही कसोटी लावली पाहिजे. ‘काँग्रेस गवत अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून आले’ हे वाक्य साम्राज्यवादविरोधी भाषणांत हमखास येते. पुण्यात हे गवत १९५५ साली आढळल्याची नोंद आहे. पहिला पीएल-४८० करार त्यानंतरचा. १९५१ साली कर्जाऊ अमेरिकन गहू आला होता, म्हणून गव्हाचा संबंध अजिबात नाकारता येत नाही. परंतु तारखा न जुळवता केलेला आरोप हा विद्रोह नव्हे. विद्रोहाला पुराव्याची शिस्त लागते. बाबासाहेबांचे रुपयाच्या प्रश्नावरचे किंवा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे ग्रंथ ज्याने उघडले आहेत, त्याला हे वेगळे सांगावे लागू नये.

१९७२ च्या दुष्काळाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामावर होती. त्यातून रोजगार हमी योजना पक्की झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. येथे दाता नाही, लाभार्थी नाही. काम मागणारा नागरिक आहे आणि ते देण्यास बांधलेले सरकार आहे. तिच्या अंमलबजावणीत जातीचे आणि मुकादमीचे दोष पुष्कळ होते. पण उपकाराकडून हक्काकडे जाण्याचा रस्ता आपल्याच मातीत आखला गेला, ही गोष्ट विकासावरच्या परदेशी वाङ्मयात एखाद्या परिच्छेदात आटोपते.

तिसरे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची सुमारे ८ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांनी माणसे गाडली; कुडाच्या हलक्या झोपडीतला माणूस त्या मानाने वाचला. १९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. घर केवढे मिळणार? भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट. म्हणजे भूकंपाने जे सपाट केले होते ते मोजपट्टीने पुन्हा उंचसखल केले. मराठवाड्यात भूमिहीन कोण आणि सात हेक्टरवाला कोण, हे सांगायला संशोधन लागत नाही. हे सारे घडले त्याच वर्षी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. जातीचा प्रश्न त्या मातीत एवढा उघडा पडला असताना कार्यक्रमाच्या निकषांत जात हा शब्द आला नाही. आणि शब्द आला नाही म्हणूनच जात निर्वेधपणे काम करू शकली.

मग वाचण्यासारखे काही नाहीच काय? आहे. १९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तेव्हाच्या धुळे, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीसारख्या आदिवासी गावांनी बुडण्यास नकार दिला. चळवळीच्या दडपणाखाली बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. तिने नदीखोऱ्यातली गावे पाहिली, माणसांशी बोलून कागद ताडून पाहिले आणि जून १९९२ मध्ये बँकेलाच माघार घेण्याचा सल्ला दिला. मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज भारताने सोडले. त्याच वर्षी बँकेला तक्रारी ऐकणारे तपासणी मंडळ स्थापन करावे लागले. देणाऱ्याच्या पैशाने लिहिलेला अहवालही घेणाऱ्याच्या नजरेने लिहिता येतो, याचा हा दाखला. पण धरण थांबले नाही. ते स्वदेशी पैशाने पूर्ण झाले. परदेशी बँकेकडून हिशेब मागता आला, स्वकीय सत्तेकडून मागता आला नाही. ‘परदेशी’ एवढ्याच शब्दावर टीकेची सारी धार खर्च करणाऱ्यांनी यावर विचार करावा.

ग्रंथांपैकी जेफ्री सॅक्स (२००५) मदत वाढवा म्हणतात. विल्यम ईस्टर्ली (२००६) वरून आखलेल्या योजनांवर अविश्वास दाखवतात. डंबिसा मोयो (२००९) आफ्रिकेला मिळणारी सरकारी मदत बंद करून बाजाराकडे वळा म्हणतात. हा वाद वाचावा, परंतु तिघांच्याही लेखनात घेणारा म्हणजे एक देश किंवा एक ‘गरीब’. त्या गरिबांत गावकूस आहे, हे त्यांच्या वादाच्या केंद्रस्थानी येत नाही. मला अधिक जवळचे वाटते ते जेम्स फर्ग्युसन यांचे लेसोथोवरचे १९९० चे पुस्तक. जागतिक बँकेच्या अहवालाने लेसोथोला शेतकऱ्यांचा देश ठरवले. प्रत्यक्षात तिथले पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरी करत होते. अहवालाला शेतकरी हवा होता, म्हणून मजूर दिसला नाही. किल्लारीत जमिनीने घर मोजणाऱ्याला राबणारा हात दिसला नाही, तो याच कारणाने. ज्याला आपला गाव माहीत आहे त्याला हे पुस्तक परके वाटणार नाही.

आता चाकणकडे या. इथले कारखाने मदतीतून आले नाहीत, गुंतवणुकीतून आले. उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना महाराष्ट्रात १९६४ पासून आहे. सरकार कारखान्याला देते ते ‘प्रोत्साहन’, दलित विद्यार्थ्याला देते ती ‘सवलत’. पहिल्याबद्दल कोणी लायकी विचारत नाही. खाजगी क्षेत्रात राखीव जागा नाहीत. पेनिसिलिनच्या कारखान्याने जो दरवाजा उघडला तो इथे बंद आहे. त्याच्या बदल्यात २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत. वस्तीत दप्तरे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. ज्या मुलाला दप्तर मिळाले त्याचा बाप त्याच पट्ट्यात कंत्राटावर आहे, आणि कायम होणे हे त्याचे येणे आहे. येणे राहिले बाजूला, देण्याचे छायाचित्र मात्र छापले जाते. हेच आजचे बलुते.

काळ बदलतो आहे. २०२० च्या कायदादुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणे बंद केले. मोठ्या संस्थेच्या आधाराने तालुक्यात काम करणाऱ्या लहान गटांवर त्याचा घाव बसला. २०२५ साली अमेरिकेने आपले यूएसएड हे मदतखाते मोडीत काढले. दाता एका सहीने निघून जातो, आणि जाताना घेणाऱ्याला विचारत नाही. हक्क असा निघून जाऊ शकत नाही. तो हिरावून घ्यावा लागतो, आणि हिरावणाऱ्याशी लढता येते.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे. अहवाल जरूर वाचा, पण तो वाचताना वाक्याचा कर्ता कोण, हे पेन्सिलीने खूण करत वाचा. तारखा जुळवून पाहा. आणि दलित आत्मकथने पुन्हा काढा. प्रस्थापित समीक्षेने ती वेदनेचे वाङ्मय म्हणून वाचली, आपणही बऱ्याचदा तशीच वाचली. ती अर्थशास्त्राची साक्ष म्हणून वाचायची अजून बाकी आहेत. मिलोची चव, रेशनची रांग, वसतिगृहाचा घास, पहिला पगार: विकासाचा हिशेब तिथे घेणाऱ्याच्या हस्ताक्षरात लिहिलेला आहे. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अनेक जण अजून आपल्या वस्त्यांत आहेत, किल्लारीच्या २५० चौरस फुटांत वाढलेली पिढी आज तिशीत आहे. त्यांना भेटा, विचारा, लिहून घ्या. आपल्याला हवे असलेले भाष्य अजून पुरते लिहिले गेलेले नाही. ते लिहिण्याचे काम आपल्याकडे आले आहे.