पायाखालचा साथीदार

पुनरावृत्ती म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जुना आहे. आज तोच प्रश्न आम्ही एका लहानशा यंत्रावर घासून बघणार आहोत. यंत्राचं नाव लूप पेडल. पायाने दाबायचं. एकदा दाबलं की ध्वनिमुद्रण सुरू होतं, तुकडा वाजवून झाला की दुसऱ्यांदा दाबायचं, आणि तो तुकडा तिथून पुढे गोल फिरत राहतो. पुन्हा दाबलं की त्यावर दुसरा थर चढतो. एवढंच. रंगमंचावर माणूस एक, ऐकू येतात चार-पाच.

२००४ साली बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात रॅपर नॅझ आयत्या वेळी येऊ शकला नाही. त्याच्या जागी के. टी. टन्स्टल या स्कॉटिश गायिकेला बोलावलं. तेव्हा तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. तिने 'ब्लॅक हॉर्स अँड द चेरी ट्री' हे गाणं एकटीने सादर केलं. पायाशी अकाईचं पेडल होतं. आधी ताल धरला, गिटारच्या लाकडावर थाप मारून. मग स्वतःच्याच आवाजातली एक छोटी आरोळी त्यावर चढवली. आणि मग गाणं सुरू. ते चित्रीकरण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. नसेल पाहिलं तर जरूर बघा.

लोक म्हणतात, त्यात जादू यंत्राची आहे. आम्हाला तसं वाटत नाही. टन्स्टलने काय पेडलमध्ये टाकलं आणि काय टाकलं नाही, इकडे लक्ष द्या. ताल आणि आरोळी चक्रात गेली. गिटारचे स्वरमेळ मात्र तिने हातातच ठेवले. त्यामुळे गाणं वळू शकतं, थांबू शकतं. आज मात्र असंख्य कलावंत काय करतात? चार कॉर्ड वाजवून त्या पेडलमध्ये कोंडतात. मग अंतरा त्याच चार कॉर्डवर, ध्रुवपदही त्याच चारांवर. थर वाढतात, आवाज वाढतो. पण गाणं कुठे जात नाही. भिंत उंच होत जाते आणि तिला दार नसतं. ऐकणारा पहिली दोन मिनिटं थक्क होतो आणि तिसऱ्या मिनिटाला घड्याळ बघतो. (आम्हीही बघितलंय.)

मुळात ही रचना बघण्याची गोष्ट आहे. इमारत आपल्यासमोर उभी राहते, यात अर्धा आनंद. २०१७ साली ग्लास्टनबरीच्या महोत्सवात एड शीरन एकटा, पेडल घेऊन उभा राहिला आणि नंतर दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या काहींनी त्याच्यावर आधीच मुद्रित केलेल्या साथीवर गायल्याचा आरोप केला. सगळं तिथल्या तिथे वाजवलं होतं, असं त्याला जाहीर सांगावं लागलं. यात गंमत अशी की कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं. म्हणजे फरक ध्वनीत नाही, तो आपल्याला काय ठाऊक आहे त्यात आहे. सौंदर्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी याच्यावर एक अख्खं सत्र घालवावं, इतका हा प्रश्न मोठा आहे.

आता जरा मागे जाऊ. १९७०च्या दशकात रॉबर्ट फ्रिपने ब्रायन ईनोबरोबर दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून हेच केलं. एका यंत्रावरची फीत दुसऱ्यातून जायची. पहिल्याने मुद्रित केलेला स्वर काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजायचा आणि परत पहिल्याकडे जायचा. पण तिथे प्रत्येक फेरीत जुना स्वर थोडा विरत जायचा. टेप विसरत होती, असं म्हणा ना! नव्याला जागा मिळायची ती जुनं विझल्यामुळे. आजचं डिजिटल पेडल, सोय वापरली नाही तर, काही विसरत नाही. शंभरावी फेरी पहिलीसारखीच. आमच्या मते या तंत्राची खरी अडचण इथे आहे, आणि ती कलेची आहे, यंत्राची नाही.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं काय? लेहरा. तबल्याच्या स्वतंत्र वादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर सोळा मात्रांची एकच ओळ तासभर वाजते. वरवर बघता हेही लूपच! पण लेहरा धरणारा तबलजीकडे बघत असतो. लय चढली की तोही चढतो. एखादी अवघड तिहाई समेवर आली की त्याच्या स्वरात ते उमटतं. तो ऐकतो. पेडल ऐकत नाही. आवर्तन आणि पुनरावृत्ती हे शब्द आपण सैलपणे एकाच अर्थाने वापरतो, पण आवर्तनात परत येणारा बदलून आलेला असतो. किर्केगार्दने १८४३च्या त्याच्या पुस्तकात एका माणसाला मुद्दाम पुन्हा बर्लिनला पाठवलंय, तीच खोली, तेच नाट्यगृह. आणि त्याला तोच अनुभव काही मिळत नाही. पेडलवाल्याला तोच अनुभव नेमका मिळतो, आणि म्हणून त्याचं काम जास्त कठीण: बदल सगळा त्यानेच आणायचा.

सभेत एका मुलीने विचारलं, मग रियाजाला हे वापरावं का? जरूर वापरावं. तिथे न ऐकणारा साथीदार उपयोगीच आहे, कारण तो तुम्हाला सांभाळून घेत नाही. दुसऱ्यांदा पाय किंचित उशिरा पडला तर ती फट प्रत्येक फेरीत ऐकू येते. लयीचा असा निष्ठुर परीक्षक माणसांत सापडत नाही. फक्त पेडल सतत चालू ठेवू नका. लूपचा आवाज पूर्ण बंद करा, चक्र आत फिरू द्या, तुम्ही वाजवत राहा आणि दोन आवर्तनांनी आवाज परत आणा. सम कुठे सापडली ते बघा. सुरुवातीला बहुतेक वेळा ती तुमच्या मागे असेल, कारण घाई माणसाला असते. चार आठवडे हे करा, मग आवाज बंद ठेवण्याची आवर्तनं दोनाची चार करा.