पिला हाऊसचा अंधार

मुंबईच्या जुन्या चित्रपटगृहांविषयी मराठीत पुष्कळ स्मरणरंजन चालते. ऑपेरा हाऊस, मेट्रो यांच्यावर मायेने लिहिले जाते. पिला हाऊसच्या थिएटरांची पाळी आली की लेखणी नाक मुरडते. ‘घाणेरडे पिक्चर’ म्हटले की विषय संपला.

सांगवी सोडून मुंबईत पोट भरायला गेलो तेव्हा मीही तिथे बसलो आहे. ‘प्ले हाऊस’चे लोकांनी पिला हाऊस केले, कामाठीपुरा तिथून हाकेवर. ‘केवळ प्रौढांसाठी’ची पाटी, कथेशी संबंध नसलेला मध्येच जोडलेला तुकडा, आणि तेवढ्यापुरती शांतता. पण माझ्या रांगेतले निम्मे हमाल झोपलेले असत. बिऱ्हाड नसलेल्याला तिकिटाच्या पैशात तीन तासांची खुर्ची मिळे. हे कोणत्या अभिरुचीत बसवायचे?

नामदेव ढसाळ आपल्याच जिल्ह्यातल्या पूर-कानेरसरहून लहानपणी याच वस्तीत आले. ‘गोलपिठा’ (१९७२) ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनाही तिथले शब्द अडले आणि त्यांनी ते कबूल केले. स्मरणरंजनवाल्यांना तेवढेही जमत नाही.

पण प्रश्न आपल्यालाही आहे. ढसाळांनी ‘मंदाकिनी पाटील’ लिहिली. आपल्या नंतरच्या आठवणींत मात्र पडद्यावरची बाई आहे, तिच्याकडे पाहणारा पुरुष आहे. थिएटरच्या भिंतीपलीकडे गिऱ्हाइकाची वाट बघत उभी असलेली बाई नाही. व्हिडिओने आणि पुढे मोबाईलने ती थिएटरे ओस पाडली, तिचे काय झाले?

खेळ सुटला की मी तिच्या दारावरून मान खाली घालून जात असे. हेही मी आजवर लिहिले नव्हते.