उधळणाऱ्याचं घर

मधुर भांडारकरांचा 'चांदनी बार' २००१ साली आला. तब्बूला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. दंगलीत घरदार गेलेली मुलगी मामासोबत मुंबईत येते, बारमध्ये नाचायला लागते, संसार मांडते आणि नशीब तिला फिरून त्याच बारमध्ये आणतं. तिचं घर, तिची पोरं, सगळं दिसतं. पण मी कल्याण-शीळ रस्त्याकडचा शेतकरी. मला त्यात एक माणूस सापडत नाही, जमीन विकून नोटा उधळायला आलेला. त्याचं घर सिनेमात नाही.

नाचाचं आम्हाला वावडं नव्हतं. गौरी-गणपतीत ढोलकी वाजली की अंगणात फेर धरला जायचा. हळदीच्या रात्री म्हाताऱ्या बायासुद्धा उठायच्या. तिकडं वारल्यांच्या तारपा नाचात वाजवणारा मधोमध आणि सगळा पाडा कंबरेत हात गुंफून त्याच्याभोवती. नुसतं बघत बसलेल्याला कुणीतरी हाताला धरून ओढायचंच. ढोलकीवाल्याच्या हातावर काहीतरी ठेवलं की व्यवहार संपला.

बारनं हे उलटं केलं. एकीनं नाचायचं, बाकीच्यांनी बसून बघायचं, आणि बसणाऱ्याची पत त्याच्या हातातल्या बंडलावरून ठरायची. त्याच काळात आमच्याकडं जमिनीला भाव आला. पैसा आला, पण तो राखायचा कसा हे कुणी शिकवलं नव्हतं. भाताचं खाचर गेलं आणि दोन पावसाळ्यांत त्याचा पैसाही गेला, अशी घरं मी पाहिलीत. घरच्या बाईला ते सगळ्यात शेवटी कळायचं.

२००५ साली सरकारनं बारमधला नाच बंद केला. पण तीन तारे नि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. म्हणजे खोट नाचात होती, की गिऱ्हाईकाच्या ऐपतीत? उच्च न्यायालयानं २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ही बंदी रद्द ठरवली. बंदीमुळं ७५,००० वर बाया बेकार झाल्याचं तिथं मांडलं गेलं. उधळणाऱ्यांचं कुठं काय बिघडलं?

त्याच्यावर कायद्याची नजर गेली ती २०१६ साली. नव्या कायद्यानं नोटा उधळायला मनाई केली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यातल्या बऱ्याच अटी काढल्या, नाचणारीला बक्षीस द्यायला मोकळीक दिली, पण उधळण्यावरची मनाई ठेवली. मला हा निकाल पटतो. कष्टाचा मोबदला हातात द्यावा, अंगावर फेकू नये.

पण तोवर ती सवय आमच्या मांडवात शिरली होती. आता हळदीला डीजे लागतो, नवरदेवाचे दोस्त नोटा ओवाळून उडवतात, आणि त्या वेचायला घरातलीच पोरं पायांमधून वाकतात.