हातवारा आणि कळ

व्हिडिओ गेममध्ये कळ दाबणे आणि पडद्यावर तलवार फिरणे यांतील संबंध, सोस्यूरच्या अर्थाने, यादृच्छिक असतो. निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्राने 2006 साली त्याला सादृश्याचा आधार देऊ केला : खेळणाऱ्याने हात हलवावा, तलवार हलावी. परंतु अन्य यंत्रासाठी रचलेल्या संहितेत हे सादृश्य कितपत मुरते?

‘द लेजंड ऑफ झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस’ची रचना मुळात ‘गेमक्यूब’साठी झाली. बहुसंख्य खेळाडू उजव्या हाताचे, म्हणून ‘वी’च्या आवृत्तीत डावखुरा नायक लिंक उजव्या हाताचा करण्यात आला, आणि त्यापायी अवघे जगच आरशातल्यासारखे उलटवले गेले. पूर्वेची पश्चिम झाली! एवढ्या उलथापालथीनंतरही हाताच्या झटक्याची दिशा संहितेला उमगत नाही; झटका कसाही दिला तरी वार ठरलेलाच होतो. हातवारा येथे कळीचेच काम करतो, फक्त अधिक श्रमाने.

‘रेझिडेन्ट ईव्हिल 4’चे (गेमक्यूब, 2005, वी, 2007) प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. रिमोट रोखावा तेथे नेम लागतो, हाताचे सूक्ष्म विचलनही अर्थवाही ठरते. सादृश्य येथे खरे आहे. मात्र नेम धरताना पाऊल उचलता येत नाही, हा मूळ रचनेतील निर्बंध तसाच राहिला. चालून येणारा जमाव, जागीच खिळलेला नायक आणि सावकाश सरकणारा नेम यांच्या ताणातून त्या कृतीतील भय निपजत होते. नेम सुलभ होताच ते बरेचसे ओसरते.