बॉस्टनच्या चित्रातला गायब झालेला बर्फ

आज आपण एकच चित्र बघणार आहोत. पडद्यावर आहे ते. पॉल रिव्हिअरचं, 1770 सालचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं आणि वरून हाताने रंगवलेलं. ‘बॉस्टन हत्याकांड’ म्हटलं की जगभरच्या पुस्तकांत हेच छापतात. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध 1775 साली लेक्सिंग्टनला पेटलं, त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

आधी नुसतं बघा. उजवीकडे ब्रिटिश शिपायांची सरळ रांग, सगळ्यांच्या बंदुका एका पातळीत. त्यांच्या मागे तलवार उगारून हुकूम देणारा कॅप्टन प्रेस्टन. डावीकडे गर्दी, पण कशी? नीटनेटक्या कोटांतली, भल्या घरची वाटावीत अशी माणसं, जणू फेरफटका मारायला निघालेली. खाली प्रेतं, रक्त. समोर एक कुत्रं, इतका धूर चाललाय तरी निवांत उभं. शिपायांच्या मागे जकात कचेरी, तिच्यावर ‘कसायाचा वाडा’ अशा अर्थाची पाटी, आणि वर आकाशात चंद्रकोर. पाटी अर्थातच तिथे नव्हती. रंगवलेल्या प्रतींत कोटांचा लाल आणि रक्ताचा लाल जवळजवळ एकच आहे. प्रचारचित्र म्हणून हे फार हुशार काम आहे, यात वाद नाही.

मूळ कल्पना मात्र रिव्हिअरची नव्हे. तो चांदीकाम करणारा कारागीर. चित्र काढलं हेन्री पेलम या तरुणाने. रिव्हिअरने ते उचललं आणि पेलमच्या आधी छापून बाजारात आणलं. घटना 5 मार्चची आणि महिना संपायच्या आत प्रती विकायला! पेलमने चिडून लिहिलं, की वाटेत गाठून मला लुटलं असतं तर जसं झालं असतं तसंच हे. पण मला त्या चोरीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकते. त्या रात्री बॉस्टनमध्ये सगळीकडे बर्फ होता. चित्रात बर्फ नाही. का नाही?

कारण बर्फ दाखवला की बर्फाचे गोळे आले. गोळे आले की ते कोणी मारले हे आलं. मग भांडण आलं. आणि या चित्राला भांडण नकोय.

भांडण खरं काय होतं ते बघा. ऑक्टोबर 1768 मध्ये साधारण 16 हजार वस्तीच्या या गावात पलटणी उतरल्या. आयात मालावर लंडनने बसवलेल्या करांना विरोध चालला होता, तो दाबायला. आता सैन्य आलं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे छावणी येते. इथे तसं नव्हतं. शिपायांबरोबर बायकामुलं होती, ती गावातच भाड्याने राहिली; सरीना झेबिन यांचं 2020 सालचं पुस्तक यावरच आहे, जरूर वाचा. शिवाय शिपायाला पगार तुटपुंजा, म्हणून पहारा संपला की तो गावात मिळेल ते काम करायचा, आणि गावच्या माणसापेक्षा कमी पैशांत. म्हणजे करांचा राग व्यापाऱ्याला होता. पण मजुराचा राग जरा वेगळा, तो पोटाचा होता.

2 मार्चला काय झालं? एक शिपाई जहाजाचे दोरखंड वळायच्या कारखान्यात काम मागायला गेला. तिथला कामगार म्हणाला, आहे काम, माझा संडास साफ कर! मारामारी जुंपली. त्या मारामारीत सॅम्युएल ग्रे नावाचा कामगार होता आणि मॅथ्यू किलरॉय नावाचा शिपाईही होता. तीन दिवसांनी किंग स्ट्रीटवर हे दोघे पुन्हा समोरासमोर आले. साक्षीदारांनी सांगितलं, की ग्रेला लागलेली गोळी किलरॉयची.

हे कळल्यावर चित्र परत बघा. रिव्हिअरच्या चित्रात शिपायाला आणि मेलेल्याला एकमेकांची ओळख नाही.

5 मार्चच्या रात्री एकट्या पहारेकऱ्याशी पोरांची बाचाबाची झाली, चर्चच्या घंटा वाजल्या, आग लागली समजून लोक बाहेर आले. प्रेस्टन सात जण घेऊन मदतीला आला. बर्फाचे गोळे, सोटे, ‘मारा की गोळी’ असं डिवचणं, आणि मग बार उडाले. एकदम नव्हे, मागेपुढे. पाच जण गेले. त्यांतला क्रिस्पस अॅटक्स हा आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाचा खलाशी. बहुतेक प्रतींत तो ओळखूच येत नाही. सगळेच चेहरे गोरे. (योगायोग असा, की त्याच दिवशी लंडनच्या संसदेत यांतले बरेचसे कर उठवायचा प्रस्ताव आला. चहावरचा तेवढा ठेवला. त्या चहाचं पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलोय.)

आता माझा मुद्दा. चित्र खोटं आहे, हे काही नवीन नाही. जोसाया क्विन्सीने खटल्यातच ज्युरीला बजावलं होतं, की घराघरांत टांगलेल्या चित्रांवर जाऊ नका. प्रश्न असा, की हे खोटं कोणाच्या बाजूचं? वरवर मेलेल्यांच्या बाजूचं. पण त्यांना निष्पाप ठरवायला रिव्हिअरने त्यांचा राग काढून घेतला. दोरखंड वळणारा, खलाशी, शिकाऊ पोरगा यांच्याजवळ त्या रात्री दुसरं होतं तरी काय? तेही काढलं. उरले सभ्य गृहस्थ.

आणि समोरची बाजू? क्विन्सीबरोबर शिपायांचा बचाव करणारा वकील जॉन अॅडम्स, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. त्याने राग ठेवला आणि माणसं बदलली. गर्दी म्हणजे उनाड पोरं, काळे, आयरिश, बाहेरचे खलाशी, असं त्याने ज्युरीपुढे मांडलं. म्हणजे रिव्हिअर म्हणतो ते आपले होते, म्हणून भांडलेच नाहीत. अॅडम्स म्हणतो ते भांडले, म्हणून आपले नव्हतेच. ‘आपले होते आणि भांडले’ हे कोणीच म्हणत नाही. अॅडम्सने अप्रिय माणसांचं वकीलपत्र घेतलं याचं कौतुक मीही करतो, पण ते भाषण वाचताना तोंड कडू होतं.

निकाल? प्रेस्टन सुटला. आठ शिपायांपैकी सहा सुटले. किलरॉय आणि माँटगोमरी हे दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी. जुन्या इंग्रजी कायद्यातली एक सवलत मागून, अंगठ्यावर डाग घेऊन तेही गेले.

शेवटी दुसरं चित्र दाखवतो. 1856 साल, गुलामगिरीविरोधी चळवळ जोरात असतानाचं. तोच प्रसंग, पण अॅटक्स आता अगदी मधोमध, काळा, हात शिपायाच्या बंदुकीला भिडलेला, आणि गर्दीत उगारलेले सोटे. कारागिरी बेतास बात, अंगविक्षेप नाटकी. हेही प्रचारचित्रच. पण ते सोटे बघा. रिव्हिअरने पुसलेले सोटे 86 वर्षांनी परत आले, आणि या वेळी ते कोणाला लपवावेसे वाटले नाहीत.

प्रश्न असतील तर घेऊ.