शिक्षकावांचून सतार

घरबसल्या सतार शिकविण्याचें अभिवचन देणारीं पुस्तकें मराठींत पुष्कळ दिवसांपासून निघत आलीं आहेत. आतां त्यांच्या जोडीला मोबाइलवरील चित्रित पाठही आले आहेत. या दोहोंचा विचार आम्ही येथें एकत्रच करणार आहों. कारण साधन बदललें, तरी शिकविण्याची रीत फारशी बदललेली नाहीं. या वाङ्मयास आमचा तत्त्वतः विरोध नाहीं. दिवसाकाठीं जेमतेम अर्धा तास मोकळा सांपडणाऱ्या आणि गांवांत कोणी वादक नसलेल्या हौशी माणसानें दुसरें करावें तरी काय? आमचा आक्षेप निराळा आहे. पुस्तकाला जें शिकवितां येतें तेंच बहुतेक ग्रंथकार टाळतात, आणि जें शिकवितां येत नाहीं त्यावर पानेंच्या पानें खर्ची घालतात.

सतारीचा प्राण म्हणजे मींड. बाजाची तार एकाच पडद्यावर दाबून बाजूस ओढली, कीं पुढील चारपांच स्वर तींतून निघूं शकतात. ओढ किती द्यावी, वाटेंत कोठें रेंगाळावें, कोठून परतावें, यावर राग उभा राहतो किंवा कोसळतो. पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपींत यासाठीं स्वरांच्या डोक्यावर एक कमान काढलेली असते. कोठून निघावयाचें व कोठें पोंचावयाचें एवढेंच ती सांगते. मधला प्रवास सांगत नाहीं. यांत भातखंड्यांचा दोष नाहीं. त्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांनीं शेंकडों चिजा विस्मृतींतून वांचविल्या. आणि राग ज्याच्या कानांत मुरला आहे, त्याला आठवणीपुरती ती कमान पुरते. दोष आहे तो त्याच खुणेच्या भरंवशावर नवशिक्यास सोडून देणारांचा.

याहून वाईट प्रघात पडद्यांना आंकडे देण्याचा. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्यानें बांधलेले असतात, ते सरकवितां यावेत म्हणूनच. यमन वाजवून झाल्यावर भैरव घ्यावयाचा, तर मध्य सप्तकांतील ऋषभ-धैवतांचे पडदे सरकवावे लागतात व तरफाही नव्यानें मिळवाव्या लागतात. आंकडा तोच राहतो, स्वर मात्र बदलतो. आंकड्यांवर शिकलेला विद्यार्थी येथेंच अडतो, आणि आपल्याला संगीताचें अंगच नाहीं असा समज करून घेऊन सतार खोळींत घालून ठेवतो.

आतां टाळलेल्या गोष्टीकडे वळूं. वाद्य सुरांत मिळविणें ही ती गोष्ट. तिची बोळवण बहुधा एका वाक्यांत होते: 'वाद्य जाणत्याकडून मिळवून घ्यावें.' वास्तविक गुरूवांचून शिकतां येण्यासारखी हीच विद्या आहे; कारण येथें चूक दाखविण्याचें काम नाद स्वतःच करतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांपैकीं एक सेकंदास १३८ वेळां व दुसरी १४० वेळां कांपत असली, तर त्यांच्या एकत्र आवाजांत सेकंदास दोन हेलकावे ऐकूं येतात. खुंटी जपून पिळावी, मणी किंचित् सरकवावा. हेलकावे मंद होत होत थांबले, कीं तारा मिळाल्या. हें सांगावयास दोन पानें पुरेत, आणि शिकणाराचा कान मात्र त्यानें जन्मभर तयार होतो.

'त्यासाठीं आतां मोबाइलवर सोय आहे,' असें कोणी म्हणेल. षड्जापुरती ती सोय ठीक आहे. परंतु अशीं साधनें सामान्यतः सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर त्या हिशेबानें शुद्ध गांधार ४०० व्या भागावर येतो. सुरेल तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा गांधार सुमारें ३८६ व्या भागावर असतो. हा फरक कानानें ओळखावयाचा असतो, आणि ओळखण्याचें कामच यंत्रावर सोंपविलें, तर सतार शिकण्यांत हौशी माणसाचा लाभ तो काय राहिला? तारा मिळविण्याच्या कटकटींतूनच सुटावयाचें, तर त्यानें सरळ पेटी घ्यावी.

मिरजेच्या सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु तेथील कारागीर घोडीचा माथा घासघासून जी जवारी काढतो, ती बेसूर तारांखालीं कोणास ऐकूं येणार? हौसेनें शिकणारा बहुधा मैफिलींत बसून वाजविणार नाहीं. तशी अपेक्षाही नको. पण ज्यानें वर्षभर स्वतःच्या तारा स्वतः मिळविल्या, त्याला मैफिलीच्या आरंभीं वादक तरफा लावीत बसला असतां चुळबूळ सुटत नाहीं. तो तेव्हांपासूनच गाणें ऐकूं लागलेला असतो.

यासाठीं पहिले तीन महिने पडद्यांचे आंकडे न देतां केवळ तारा मिळविण्यास देणारें एखादें पुस्तक कोणी जाणत्या वादकानें लिहावें, अशी आमची सूचना आहे. तें कदाचित् कमी खपेल. पण तें घेणारांपैकीं अधिक जणांच्या घरीं सतार वाजती राहील.