अरण्य, ग्रामसभा आणि कथनाचा प्रश्न

भारतीय भाषांतील गद्याने अरण्याकडे प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले. एका दृष्टीला अरण्य हे सौंदर्याचे आणि आत्मशोधाचे स्थान वाटले. दुसरीला ते अन्यायाचे आणि त्यातून पेटणाऱ्या बंडाचे स्थान दिसले. दोन्ही दृष्टींनी श्रेष्ठ दर्जाचे लेखन घडविले आहे. परंतु अरण्यावर जगणारी माणसे एकत्र बसून आपल्या जगण्याची व्यवस्था लावतात, नियम करतात, हिशेब ठेवतात, अडतात आणि पुन्हा बसतात, हा अनुभव या गद्याच्या कक्षेत फार उशिरा आला. मराठीत मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) या पुस्तकाने त्याला मध्यवर्ती स्थान दिले. या पुस्तकाचे सामाजिक मोल उघड आहे. त्याने मराठी कथनापुढे कोणता प्रश्न उभा केला, हे पाहावयाचे तर आधी त्याच्या पूर्वपरंपरेचा मागोवा घ्यावा लागतो.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘आरण्यक’ (१९३९) या बंगाली कादंबरीचा निवेदक सत्यचरण जमीनदारीचा व्यवस्थापक म्हणून रानात येतो, त्या रानाच्या मोहिनीने भारला जातो आणि अखेरीस तेच रान वाटून, तोडवून वसाहतीला मोकळे करून देतो. सौंदर्याचा साक्षी आणि विध्वंसाचा कारभारी एकच असणे, हा या कादंबरीचा सल आहे. गोपीनाथ महांती यांच्या ‘परजा’ (१९४५) या ओडिया कादंबरीत सुक्रू जानी याच्या घराची वाताहत वनरक्षकाच्या वैरातून आणि झाडे तोडल्याबद्दलच्या दंडातून सुरू होते. दंडासाठी कर्ज, कर्जापायी सावकाराकडे गडी म्हणून बांधून घेणे आणि शेवटी त्याच सावकारावर पडणारी कुऱ्हाड, अशी ही साखळी आहे. महाश्वेतादेवींच्या ज्या ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीला १९७९ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला, तिने अधिकार हा शब्द थेट शीर्षकातच आणला. पण तो अधिकार तेथे हिरावलेला आहे. १९०० साली तुरुंगात मरण पावलेल्या बिरसा मुंडाच्या मृत्यूची छाया त्या साऱ्या कथनावर पसरलेली आहे. तिन्ही कादंबऱ्यांत जंगलाचा कायदा बाहेरून येऊन कोसळतो. वनवासी माणूस तो सोसतो किंवा त्याच्याविरुद्ध उठतो. तो कायदा वाचून त्यातील आपला शब्द शोधून काढील, अशी शक्यता त्या कथनांच्या काळात नव्हती आणि म्हणून त्यांच्या रचनेतही नव्हती.

मराठीतही या दोन धारा स्पष्ट दिसतात. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेच्या बळावर ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ अशा पुस्तकांतून मराठी वाचकाला रानाची भाषाच नव्याने दिली. पक्ष्यांची, झाडांची, रानातल्या वेळांची अनेक लोकनामे त्यांच्यामुळे ग्रंथभाषेत आली. ही नावे त्यांना ज्यांनी सांगितली ती रानातली माणसे त्यांच्या लेखनात जाणते म्हणून येतात, ही त्या लेखनाची मोठी बाजू होय. मात्र त्यांचे जाणतेपण निसर्गाविषयीचे आहे. गावाचा कारभार, त्यातील वाद आणि निर्णय हा चितमपल्लींचा विषय नाही.

दुसऱ्या धारेच्या मुळाशी गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक आहे. त्याला १९७२ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी १९४५ पासून किसान सभेच्या झेंड्याखाली वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली, त्याची ही हकीकत. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा पैशापायी नवराबायकोने जमीनदाराकडे राबत राहावयाचे, या प्रथेचे वर्णन परुळेकर कोठेही आवाज चढवू न देता करतात. म्हणूनच ते वाचकाच्या मनात खोल रुतते. निवेदिका शहरातून आलेली, शिकलेली आणि लढ्याची पुढारी आहे, पण वारल्याच्या झोपडीत राहून त्याच्याकडून शिकण्याची तिची तयारी पुस्तकभर जाणवते. भयाचे विसर्जन हा या पुस्तकाचा खरा आशय आहे. सभेत उभा राहून प्रथमच बोलणारा वारली हा त्याचा कळसाचा क्षण आहे. त्या क्षणाशी पुस्तक आपले काम पूर्ण करते, आणि तेथेच त्याच्या पुढचा प्रश्न जन्माला येतो: जागा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो? वेठ संपली, मग रान कोणाचे, त्याची राखण कोणी करावयाची, त्यातून येणारे उत्पन्न कसे वाटावयाचे? विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीत गडचिरोलीतील माडिया तरुणाला बंदुकीकडे ढकलणारी परिस्थिती तपशिलाने येते. तेथेही प्रश्नाचे उत्तर शस्त्राच्या दिशेने जाते आणि कथन शोकांतिकेचा आकार घेते.

या परंपरेला आतून छेद दिला तो आदिवासी कवींनी. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’मधील आणि भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’मधील कवितांनी बोलणारा कोण आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो कोण, हा भेदच प्रश्नांकित केला. आदिवासीच्या दुःखाचे निवेदन करण्याचा हक्क इतरांनी परस्पर आपल्याकडे घेतला आहे, ही सोनवणे यांची तक्रार चळवळीइतकीच साहित्यालाही उद्देशून होती. ही तक्रार ध्यानात ठेवूनच मेंढ्याच्या पुस्तकाकडे वळले पाहिजे.

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील, सुमारे शंभर घरांचे गोंड आदिवासींचे गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यातून या परिसरात जी जागृती झाली, तिचे मेंढ्यात रूपांतर झाले ते नित्याच्या स्वशासनात. गावातील देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ही या प्रयोगाशी जोडली गेलेली प्रमुख नावे. सर्व कुटुंबांच्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय घ्यावयाचा नाही, सर्वसहमती होईपर्यंत थांबावयाचे, असा नियम गावाने स्वतःला घालून घेतला. दारूबंदी, जंगलाची राखण, पोळे उद्ध्वस्त न करता मध काढणे, स्त्रियांचा सभेतील सहभाग हे सारे या थांबण्यातून पुढे आले. त्याचबरोबर गावाने अभ्यासगट चालविला. अभ्यासगटात बाहेरच्यालाही प्रवेश होता, तेथे चर्चा मोकळी होती, परंतु निर्णयाचा अधिकार त्याला नव्हता. शिकावयाचे सर्वांबरोबर आणि ठरवावयाचे आपले आपण, ही विभागणी या प्रयोगातील सर्वांत मूलगामी कल्पना होय.

या कल्पनेचे फळ बांबूच्या प्रकरणात दिसले. भारतीय वन अधिनियमाने १९२७ साली ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. कायद्याच्या दृष्टीने ते झाड, आणि म्हणून वनखात्याच्या ताब्यातले. गडचिरोलीच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जात राहिला. ज्या रानाविषयी मराठीत लिहिले गेले त्याच रानाचा लगदा होऊन कागद बनत होता, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्टपणे घातला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना कोणी द्यावयाचा, यावर घोडे अडले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ साली वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू हा शब्दच वगळण्यात आला.

हा सारा संघर्ष एका शब्दाच्या अर्थाचा आहे. सुक्रू जानीवर कायदा दंड म्हणून कोसळला. मेंढ्याच्या लोकांनी कायदा संहिता म्हणून वाचला. कायद्याच्या भाषेत जे ‘गौण’ ते जगण्यात मुख्य असते, मोहफूल, तेंदूपान, डिंक आणि बांबू यांवरच वर्षाचा मेळ बसतो, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या गौण शब्दाच्या आडूनच त्यांनी आपला हक्क मिळविला. वाचन ही साक्षर वर्गाची मिरास आहे असे मानणाऱ्या साहित्यव्यवहाराला या घटनेतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

आता बोकील यांच्यापुढील कथनाची अडचण स्पष्ट होते. ‘शाळा’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाला व्यक्तीच्या मनातील सूक्ष्म हालचाली टिपण्याची हातोटी आहे. मेंढ्यात मात्र नायक ही व्यक्ती नाही. सर्वसहमतीचा नियम पाळणाऱ्या गावात एकाला पुढे काढून त्याच्याभोवती कथा गुंफली, तर विषयाचाच विपर्यास होतो. येथे खलनायक गावाबाहेर आहे, पण त्याच्याशी झालेली झुंज अर्ज, ठराव आणि बैठका यांच्या रूपाने चालते. रूढ अर्थाने नाट्य म्हणावे असे त्यात फारसे नाही. बोकील यांनी यातून काढलेला मार्ग असा की, त्यांनी कादंबरीकाराची आयुधे बहुतांशी खाली ठेवली आणि साध्या, संभाषणाला जवळच्या गद्यात गावाच्या वाटचालीची उकल केली. त्यांच्यातील समाजशास्त्राचा अभ्यासक संकल्पना समजावून सांगतो, आणि त्यांच्यातील कथाकार त्या संकल्पना माणसांच्या व्यवहारापासून सुटू देत नाही. निवेदकाने स्वतःसाठी घेतलेली जागा अभ्यासगटातली आहे: ऐकणाऱ्याची, विचारणाऱ्याची, ठरविण्याचा अधिकार नसलेल्याची. लेखकाच्या नैतिक स्थानाचा हा निर्णय त्या पुस्तकाच्या शैलीचाही निर्णय ठरतो.

शीर्षकातील ‘गोष्ट’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. मराठी परंपरेतील कहाणी सुफळ संपूर्ण होते. गोष्ट सांगितली जाते आणि पुढे चालू राहू शकते. मेंढ्याची वाटचाल अशीच चालू राहणारी आहे. २०१३ साली गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेकडे सोपविण्याचे पाऊल उचलले, तेव्हा रानाच्या सामूहिक हक्कातून निघालेला विचार शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचला.

तरीही या कथनाच्या मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा भाषेची. ग्रामसभा गोंडी बोलणाऱ्यांची आहे आणि पुस्तक मराठीत आहे. सहमती ज्या शब्दांनी घडते, ज्या मौनाने अडते आणि ज्या विनोदाने सुटते, ते सारे वाचकापर्यंत येईतो भाषांतरित झालेले असते. दुसरी मर्यादा यशाची. यशस्वी गावाचे चित्र अनुकरणीय आदर्शाकडे झुकण्याचा धोका नेहमी बाळगते, आणि आदर्श गाव हे साहित्यात पीडित गावाइतकेच एकरंगी होऊ शकते. सहमती होण्यापूर्वीचा कंटाळा, एखाद्या कुटुंबाचा न शमलेला रोष, सभेत गप्प राहणाऱ्या सुनेच्या मनातले गणित यांना वैचारिक गद्यात पुरेशी जागा मिळत नाही; ते काम कादंबरीचे आहे. सोनवणे यांनी उभा केलेला प्रश्नही येथे पूर्णपणे मिटत नाही. बाहेरचा निवेदक कितीही नम्र असला तरी तो बाहेरचाच असतो, आणि बोकील यांचे पुस्तक ही गोष्ट लपवीत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा होय.

या साऱ्याच्या मुळाशी एक व्यापक वाङ्मयीन प्रश्न आहे. दुःखाला साहित्यात मिळणारी प्रतिष्ठा सुस्थितीला सहसा मिळत नाही. ज्या गावात पोटापुरते आहे, रान राखलेले आहे आणि माणसे एकमेकांचे ऐकून घेतात, तेथे सांगण्यासारखे काही उरत नाही, अशी एक अव्यक्त समजूत लेखक आणि समीक्षक दोघांचीही असते. या समजुतीची किंमत वनवासी समाजांना मोजावी लागली आहे. पराभूत असतानाच ते साहित्याचा विषय होतात. विचार करू लागले, हिशेब मांडू लागले, की ते अहवालांच्या आणि आकडेवारीच्या हवाली केले जातात. परिणामी त्यांची वेदना सर्वांना परिचित असते आणि त्यांची बुद्धी अपरिचित राहते.

‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकाने हा असमतोल दाखवून दिला आणि तो दूर करण्याची एक वाट आखली. परुळेकरांच्या पुस्तकात माणूस जागा झाला. बोकील यांच्या पुस्तकात जागी झालेली माणसे कामाला लागलेली दिसतात. ग्रामसभेचे ठराव, जमाखर्चाच्या वह्या आणि अभ्यासगटातली टिपणे यांच्या कागदांतून एखादी कादंबरी उभी राहू शकते काय, आणि ती गोंडीत विचार करणाऱ्या लेखणीतून उतरेल काय, हा यापुढचा प्रश्न आहे. त्या लेखणीला परंपरेत उसनवारी करावयास फारसे सापडणार नाही. शोकांतिका आणि वीरकथा हे दोन्ही साचे तिला अपुरे पडतील. सर्वांचे होईपर्यंत थांबणाऱ्या सभेची लय वाक्यात कशी आणावयाची, हे तिला तिच्या अनुभवातूनच शोधावे लागेल.